न्यूरेंबर्गच्या जुन्या बाजारातला छत्तीस पत्त्यांचा कॅट: भविष्याचे जुने पत्ते आणि टॅरो

मधुमालती

नमस्कार मंडळी,

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या जुन्या गावात वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबरात, ट्रेम्पेलमार्क्ट नावाचा बाजार भरतो. 'ट्रेम्पेल' म्हणजे इथल्या बोलीत अडगळ. गेल्या मे महिन्यात तिथे एका टेबलावर, बटणांच्या बरणीमागे, सुतळीने बांधलेला पत्त्यांचा कॅट दिसला. सगळ्यात वरच्या पत्त्यावर घोडेस्वार, वर छोटीशी बदाम नव्वी, खाली चार ओळींची जर्मन कविता. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "जुना टॅरो आहे." घरी आणून मोजले तर पत्ते पस्तीस. आणि टॅरो तर तो अजिबात नव्हता.

त्या बाईंना दोष नाही. हल्ली भविष्याचा कुठलाही चित्रांचा कॅट दिसला की त्याला टॅरो म्हणायची सवय लागली आहे. पण या दोघांची कुळं वेगळी, घडण वेगळी, आणि वाचायची रीत तर पारच वेगळी. गेले कित्येक महिने मी याच्या मागे आहे. जे हाती लागलं ते इथे मांडते, कारण पत्त्यांबद्दल वाचायला जावं तर बहुतेक ठिकाणी सगळं एकाच पातेल्यात शिजवलेलं असतं.

आधी हा कॅट. याला 'लहान लेनोर्माँ' म्हणतात. पूर्ण कॅट ३६ पत्त्यांचा. १ घोडेस्वार, ३ जहाज, ४ घर, ७ साप, ८ शवपेटी, १४ कोल्हा, २३ उंदीर, २५ अंगठी, ३५ जहाजाचा नांगर, ३६ क्रूस. प्रत्येक चित्रावर आपल्या नेहमीच्या खेळातलं एक पान छापलेलं असतं. घरावर बदाम राजा, सापावर किलवर राणी, शवपेटीवर चौकट नव्वी. चारही रंगांची छक्कीपासून एक्क्यापर्यंतची पानं, म्हणजे नऊ चोक छत्तीस. दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी नाहीतच, कारण जर्मनीत खेळायचा कॅटच ३६ पानांचा असे.

नाव पडलं ते मारी आन लेनोर्माँ (१७७२–१८४३) या बाईंवरून. पॅरिसमध्ये र्यू द तूर्नोंवर ५ नंबरच्या घरात त्यांची बैठक होती. क्रांतीपासून नेपोलियननंतरच्या काळापर्यंत पॅरिसमध्ये त्यांच्याइतकी गाजलेली भविष्यवेत्ती दुसरी नाही. सम्राज्ञी जोसेफिनशी असलेल्या संबंधावर तर त्यांनी स्वतःच पुस्तकं लिहून छापली. पण या ३६ पत्त्यांशी त्यांचा संबंध एवढाच, की त्या वारल्यावर जर्मन प्रकाशकांनी त्यांचं नाव डब्यावर छापलं. नाव खपत होतं, म्हणून.

मग कॅट आला कुठून? तर इथूनच, न्यूरेंबर्गहून! १७९९ च्या सुमारास योहान कास्पर हेख्टेल याने 'दास श्पील देर होफनुंग', म्हणजे 'आशेचा खेळ', काढला. ३६ पत्ते सहा बाय सहा असे मांडायचे आणि दोन फासे टाकत सोंगट्या पुढे न्यायच्या. ३ नंबरच्या जहाजावर पडलात तर ते तुम्हाला थेट कॅनरी बेटांवर, १२ नंबरच्या पक्ष्यांपाशी नेतं. ६ चे ढग लागले की माघारी २ वर. ८ च्या शवपेटीत गेलात की दुसरा कुणी तिथे येईपर्यंत किंवा फाशांची जोडी पडेपर्यंत तुम्ही मेलेले. १४ चा कोल्हा भुलवून ५ च्या झाडापाशी, रानात नेऊन सोडतो. आणि ३५ वर नांगर, म्हणजे आशा. जो तिथे पोचला त्याने सगळा डाव जिंकला. या मूळ खेळाची एक प्रत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पत्त्यांचे क्रम आणि चित्रं ताडून पाहा, हीच लेनोर्माँ.

हे वाचलं त्या रात्री मी माझे पस्तीस पत्ते जेवणाच्या टेबलावर सहा बाय सहा मांडले, एक जागा रिकामी सोडून. लेकीच्या सापशिडीतले फासे घेतले आणि आम्ही दोघी खेळलो. ती दोनदा शवपेटीत गेली आणि दोन्ही वेळा जोडी टाकून उठली. कविता छापलेल्या, कडा मऊ पडलेल्या त्या पत्त्यांवरून सोंगट्या सरकताना मला जे वाटलं ते सांगणं कठीण आहे. दोनशे वर्षांत या पत्त्यांवर जे जे चढवलं गेलं ते सगळं तेवढ्या वेळापुरतं उतरलं होतं.

आता टॅरो. तो याहून साडेतीनशे वर्षं जुना. १५ व्या शतकातली उत्तर इटली: मिलान, फेरारा, फ्लॉरेन्स. १४४० सालच्या फ्लॉरेन्सच्या एका नोंदीत त्याचा उल्लेख आहे. तेव्हा नाव होतं 'त्रिओन्फी', आणि त्यावरूनच इंग्रजीतला 'ट्रंप' आला. म्हणजे आपला हुकूम! ७८ पत्त्यांपैकी ५६ साधे, चार रंगांचे, आणि २२ चित्रांचे. या २२ पैकी २१ म्हणजे कायमचे हुकूम, बाकी सगळ्यांना मारणारे; उरलेला एक 'मूर्ख' तेवढा वेगळा. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळेल. तीनशे वर्षं लोक टॅरो असाच खेळत होते. मायकेल डमेट या तत्त्वज्ञाने १९८० साली टॅरोवर जाडजूड ग्रंथ लिहून हीच बाजू पुराव्यांनिशी मांडली.

१७८१ मध्ये कूर द जेबलँ याने पॅरिसमध्ये लिहिलं की टॅरो हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. शाँपोल्योंने ती उलगडली १८२२ साली. पण कल्पना रुजली. मग आला एतेइला. खरं आडनाव आल्येत, उलट्या अक्षरांनी लिहिलं की एतेइला. १७८९ च्या सुमारास त्याने खास भविष्यासाठी टॅरोचा कॅट काढला. आणि आज तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर 'पारंपरिक टॅरो' म्हणून जो येतो तो १९०९ चा, लंडनचा: आर्थर वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रं.

म्हणजे दोन्ही मुळात खेळच. फरक पडतो तो वाचताना. माझ्या शेजारच्या आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. कॅट पाहिल्याबरोबर त्यांनी चष्मा बदलला आणि जुन्या गॉथिक लिपीतल्या कविता घडाघडा वाचायला लागल्या. त्यांच्या आईची मावशी हे पत्ते मांडत असे. त्यांनी आठ-आठच्या चार ओळी आणि खाली उरलेले चार असे सगळेच्या सगळे पत्ते मांडले. मी बाई, म्हणून माझा पत्ता २९. तो शोधून विणायच्या सुईने त्यावर टकटक केलं, आणि मग माझ्याकडे पाहिलंच नाही. फक्त अंतरं पाहिली. जहाज जवळ की लांब? कुत्रा (म्हणजे विश्वासू मित्र) लगतच आहे की ढगांच्या पलीकडे? ढगांच्या पत्त्यावर एका अंगाला काळोख असतो आणि दुसऱ्या अंगाला उजेड. "काळी बाजू तुझ्याकडे आहे का, ते बघ," म्हणाल्या. नव्हती. "मग सरेल."

टॅरोवाल्या ताईंकडे मी पुण्यात एकदा गेले होते. तीन पत्ते, आणि प्रत्येकावर दहा मिनिटं: त्यातली स्त्री कशी बसली आहे, पाणी काय सांगतंय, तुमच्या मनात काय उमटतंय. आजींच्या पत्त्यात उमटायला काही नाहीच. उंदीर म्हणजे उंदीर. कुरतडतो, काहीतरी घटणार. पत्र म्हणजे पत्र.

कुणाकडे असे जुने कॅट आहेत का? आणि आपल्याकडच्या जुन्या रीती कुणाला आठवत असतील तर जरूर लिहा.

रानजाई

किती सुंदर लिहिलंयस गं! वाचनखूण साठवली. हुकूम आणि त्रिओन्फीचं नातं माहीतच नव्हतं.

मी सावंतवाडीची, त्यामुळे पत्ते म्हटल्यावर गंजिफा आठवलाच. गोल पत्ते, दशावतारी कॅट १२० चा: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, राजा, प्रधान आणि एक ते दहा. चिंचोक्याची खळ आणि वर लाखेची चकाकी. आमच्या आजोबांकडे जुना डबा होता. दिवसा खेळायला बसलं तर रामाच्या राजाचा मान, रात्री कृष्णाच्या. चित्रांत इतके देव असूनही घरात कुणी त्यावरून भविष्य पाहिल्याचं मी ऐकलं नाही. खेळताना मात्र हात जोडूनच डबा उघडायचे.

मधुमालती

रानजाई, हे मोलाचं आहे. देवांची चित्रं असून खेळच राहिला, आणि तिकडे कोल्ह्या-उंदरांची चित्रं असून भविष्य झालं. चित्रात काय आहे यावरून पुढे त्याचं काय होईल ते ठरत नाही. आजोबांचा डबा अजून असेल तर ऊन आणि दमटपणा दोन्हींपासून जप.

चष्मिष्ट

लेख आवडला, मेहनत दिसते. पण एक सरळ विचारतो, राग मानू नका. तुमचा स्वतःचा यावर विश्वास आहे का? नाहीतर उद्या कुणी हा धागा दाखवून लोकांकडून पैसे उकळेल.

मधुमालती

राग कसला, विचारायलाच हवं. पिसलेल्या पत्त्यांना उद्या काय होणार हे कळतं असं मी मानत नाही. आजींनाही मी हे सांगितलं आहे, आणि त्यावर त्यांनी मला आणखी एक केकचा तुकडा वाढला. मला यातली भाषा हवी आहे. चार पिढ्या बायकांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर जपलेली वाचनाची एक रीत आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे, आणि आजींनंतर त्यांच्या घरात ती कुणाला येत नाही. पैसे घेऊन कुणी कुणाच्या आजारपणाचं, लग्नाचं भविष्य सांगत असेल तर त्याला माझा विरोधच आहे, पत्ते कुठलेही असोत.

टिपूर_चांदणं

मी पुण्यात टॅरो वाचते, बारा वर्षं झाली, आणि लेनोर्माँचे पत्तेही वापरते. ताई, तुमचा अभ्यास चांगला आहे, पण एवढ्या काटेकोर भिंती कशाला? शेवटी अर्थ वाचणाऱ्याच्या मनात असतो. मी लेनोर्माँ पण टॅरोसारखेच मांडते, उलटा पत्ता आला तर उलटा अर्थ घेते, आणि लोकांना उपयोग होतो.

मधुमालती

चांदणंताई, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण इथे मी हटून बसणार आहे. एक उदाहरण बघा. ढगांच्या पत्त्यात काळी बाजू एका अंगाला असते आणि ती कुणाकडे तोंड करून आहे यावर सगळं वाचन उभं आहे. तुम्ही तो पत्ता उलटा ठेवलात की काळी बाजू दुसऱ्या अंगाला जाते. जुन्या रीतीत पत्ते सगळे सुलटेच मांडतात ते यासाठीच. १० नंबरच्या विळ्याचंही तेच, पातं कुणाकडे वळलंय ते पाहायचं असतं. उलटा अर्थ घेणं ही एतेइलाच्या बाजूची, टॅरोची सवय. ती इकडे आणली की या पत्त्यांतली दिशाच मोडते, आणि दिशा हीच त्यांची अर्धी भाषा आहे. शिवाय खालची कविता आणि वरचं खेळाचं पान एकाच बाजूने वाचता येतं. ज्यांनी हे छापलं त्यांच्या डोक्यात उलटा पत्ता नव्हताच.

भिंत म्हणू नका. भजनाची चाल लावणीला लावता येते, पण मग ती लावणी म्हणून कुणाला शिकवू नये, एवढंच माझं म्हणणं.

टिपूर_चांदणं

ढगांचं पटलं. आत्ता पत्ता हातात घेऊन फिरवून पाहिला, खरंच बाजू बदलते. इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. मला ज्यांनी शिकवलं त्याही टॅरोवाल्याच होत्या.

आता मी एक भर घालते. टॅरोतही 'पारंपरिक' या शब्दाने मोठा घोटाळा होतो. माझ्याकडे मार्सेय पद्धतीचा, म्हणजे जुन्या फ्रेंच धाटणीचा कॅट आहे. त्यात चषकांची (टॅरोतल्या चार रंगांपैकी एक) पंजी म्हणजे नुसते पाच चषक, बाजूला वेलबुट्टी, माणूस नाही काणूस नाही. पामेलाबाईंच्या पंजीत काळा झगा घातलेला माणूस मान खाली घालून उभा आहे, पुढे तीन चषक सांडलेले आणि मागे दोन उभे. दुःखात असलेल्याला उरलेलं दिसत नाही, हा अर्थ त्या चित्रामुळे डोळ्यात भरतो. साध्या आकड्यांच्या पत्त्यांना अशी प्रसंगांची चित्रं पामेलाबाईंनी दिली म्हणून आज कुणीही चित्र बघून बोलू शकतं. आणि त्या बाईंना मिळालं काय? नोव्हेंबर १९०९ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनीच म्हटलंय, की मोठं काम होतं आणि पैसे फार थोडे. कितीतरी वर्षं कॅटच्या नावात वेट होते, प्रकाशक रायडर होता, पामेला नव्हत्या. मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी त्यांचं नाव लिहायला लावते.

मधुमालती

हे वाचून फार बरं वाटलं. लिहायला लावत राहा.

शाळामास्तर

मधुमालतीबाई, 'व्याकरण' हा शब्द वाचून थांबलो. दोन पत्ते शेजारी आले तर अर्थ कसा लावतात? क्रम बदलला तर अर्थ बदलतो का?

मधुमालती

सर, बरोबर तिथेच बोट ठेवलंत. आजींच्या दूर-जवळच्या रीतीखेरीज आज जी जोडीने वाचायची पद्धत चालते, तिच्यात पहिला पत्ता वस्तू आणि दुसरा तिचा गुण. पत्र आणि अंगठी: कराराचं पत्र, लेखी करार. अंगठी आणि पत्र: कागदावरचं नातं. घर आणि उंदीर: घराला कुरतड लागलीय. उंदीर आणि घर उलट क्रमाने: जी काही झीज चाललीय ती घरातूनच.

शाळामास्तर

म्हणजे समासच की! फक्त आपल्या तत्पुरुषात भार दुसऱ्या पदावर असतो, 'राजवाडा' हा वाडाच. इथे भार पहिल्यावर. मुलांना शिकवताना हे उदाहरण वापरीन म्हणतो, भविष्याचा भाग वगळून. टॅरोत असं नसतं?

मधुमालती

टॅरोत प्रत्येक पत्ता म्हणजे जवळजवळ एक आख्खी गोष्ट. दोन गोष्टी शेजारी ठेवता येतात, त्यांचा समास होत नाही. लेनोर्माँचा पत्ता एकटा अगदी मुका. चित्रंही त्यामुळेच साधी असावी लागतात. हल्लीचे नवे कॅट इतके नटवलेले असतात, की कोल्ह्याच्या मागे चंद्र, फुलं, तारे, सगळंच. मग चंद्राचा ३२ वा पत्ता वेगळा कसा वाचायचा? जुन्या पत्त्यात कोल्हा म्हणजे कोल्हा, मागे फार तर गवत.

गोदाकाठ

आमच्या नाशकात एसटी स्टँडबाहेर पोपटवाले बसायचे ते कुणाला आठवतात का? पिंजऱ्याचं दार वर केलं की पोपट डुलत बाहेर यायचा, पाकिटांच्या रांगेवरून चालायचा आणि एक पाकीट चोचीने ओढून काढायचा. धान्याचा दाणा मिळाला की आत. पाकिटात देवाचं चित्र आणि मजकूर, तो ते मोठ्याने वाचायचे. माझ्या आईला एकदा मारुती आला होता, "अडकलेलं काम सुटेल." त्या आठवड्यात वडिलांच्या बदलीचा कागद आला, आणि आई पुढे जन्मभर ते सांगत राहिली. वन्यजीव कायद्याने पोपट बाळगायला बंदी आहे, आता ते दिसत नाहीत, आणि पक्ष्यासाठी ते बरंच झालं. पण हे पण पत्तेच ना?

मधुमालती

पत्तेच. आणि तुमच्या आठवणीने माझ्या मनातली एक गोष्ट सुटी झाली. पोपटाच्या पाकिटात उत्तर तयार असतं, पूर्ण. रामचरितमानसातल्या चौपायांवरच्या रामशलाका प्रश्नावलीत पण तसंच: १५ बाय १५ ची २२५ घरं, बोट ठेवायचं, तिथपासून दर नववं अक्षर घेत जायचं, की चौपाई तयार होते. एकूण चौपाया नऊ. कुठेही बोट ठेवा, त्या नवांपैकीच एक येणार आणि तिचा अर्थ खाली छापलेला. वाचणाऱ्याचं कसब लागत नाही, श्रद्धा लागते. लेनोर्माँत छापलेली कविता पोपटाच्या पाकिटासारखी आहे. एकेक पत्ता ओढून तेवढीच वाचणारेही असणार, म्हणून तर ती छापली. पण आजी कविता वाचून बाजूला ठेवतात. "ती पोरांसाठी," म्हणतात.

आजीची_गोधडी

१७९९ चा तो खेळ वाचताना मला आपला मोक्षपट दिसत होता! साप लागला की खाली, शिडी लागली की वर, आणि शेवटी मोक्ष. ज्ञानेश्वरांनी तो रचला असं परंपरा सांगते. तिकडे शेवटी नांगर आणि क्रूस, इकडे वैकुंठ. दोन्हीकडे खेळता खेळता नीती शिकवायची.

मधुमालती

अगदी! लेकीच्या सापशिडीचे फासे घेतले तेव्हा हेच मनात आलं. मोक्षपटाचा कागद कुणी भविष्यासाठी वापरल्याचं मी ऐकलं नाही, बहुधा तो एकसंध कागद आहे म्हणून. हेख्टेलने घरं सुटी केली. घरं सुटी झाली की पिसता येतात, आणि पिसता आली की कुणीतरी विचारणारच, "हे असंच का आलं?" या सुट्या घरांतच सगळ्या गोष्टीचं बीज आहे असं मला फार वाटतं.

जुनापुराणा

मी पंधरा-सोळा वर्षं जुने पत्ते जमवतोय. ताईंचा धागा वाचून लोक जुने कॅट घ्यायला जातील, म्हणून थोडं सांगतो. मी स्वतः फसलो आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'शंभर वर्षं जुना' लेनोर्माँ घेतला, पिवळट, डागाळलेला. भिंगाखाली धरला तर रंग म्हणजे चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी जाळी. ती आजची ऑफसेट छपाई. डाग चहाचे होते, कडेला पुसटसा वास पण होता. पैसे गेले ते गेले.

भिंग सोबत ठेवाच. जुनी रंगीत शिळाछपाई भिंगाखाली अशी शिस्तीची जाळी दाखवत नाही. दाणे वेडेवाकडे, आणि एकावर एक चढवलेले सपाट रंग दिसतात. फ्रँकफुर्टच्या डोंडोर्फ कारखान्याचं काम (१८३३ ते १९३३) एकदा पाहिलंत की डोळा तयार होतो. कोपरे बघा: गोल कोपरे १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले, त्याआधीचे चौकोनी. जर्मन मजकूर असेल तर शुद्धलेखन बघा. १९०१ च्या परिषदेनंतर देशी शब्दांतला 'थ' चा ह गेला. मनोऱ्याला आधी टी-एच घालून लिहायचे, नंतर नुसता टी. साध्या खेळाच्या जर्मन कॅटवर १८७९ पासून बदाम एक्क्यावर कराचा शिक्का असतो. पश्चिम जर्मनीत हा कर १९८१ च्या सुरुवातीला उठला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: झीज खोटी करता येते, पण ती सारखी होते. खऱ्या वापरात एक कोपरा जास्त झिजतो, जिथे अंगठा पडतो तो.

ताई, तुमच्या कॅटवर १९ व्या पत्त्याची कविता बघाल का?

मधुमालती

काका, आत्ताच काढून पाहिला. 'थुर्म', टी-एच सकट. कोपरे गोल. भिंगाखाली जाळी नाही. आणि अंगठ्याचं म्हणाल तर उजवा खालचा कोपरा सगळ्यांचा मऊ झालाय, तिथे कवितेच्या शेवटच्या ओळीतलं एखाददुसरं अक्षरही गेलंय. २४ चा हृदयाचा पत्ता बाकीच्यांपेक्षा जास्त मळलेला आहे. तो सगळ्यात जास्त वेळा हातात धरून ठेवला गेला असणार.

जुनापुराणा

मग जपा. रबर लावू नका, कागद कापतं. सुतळी पण नको. ऍसिड नसलेल्या कागदात गुंडाळा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. कधी जमलं तर आल्टेनबुर्गच्या किल्ल्यातलं पत्त्यांचं संग्रहालय बघा, तुमच्यापासून फार लांब नाही.

डॅन्यूबकाठी

व्हिएन्नाहून हजेरी. इकडे लेनोर्माँइतकेच किपर पत्ते चालतात. मूळ बव्हेरियाचे, १९ व्या शतकाच्या अखेरचे, ते पण ३६. त्यात प्राणी-झाडं नाहीत, माणसं आणि प्रसंग आहेत. 'श्रीमंत मुलगी', 'खोटा माणूस', 'सैनिक', 'न्यायालय', 'तुरुंग', 'चोरी', 'अनपेक्षित पैसा', 'त्याचे विचार', 'लांबचा रस्ता'. माझ्या सासूबाईंकडे आहे. त्या पत्त्यांतली माणसं कुठे बघतात ते पाहतात. दोघं एकमेकांकडे तोंड करून आले तर जुळणार, पाठी फिरवल्या असतील तर संपलं. त्या काळच्या बायकांना काय काय भीती होती आणि काय काय हवं होतं, त्याची यादीच आहे ती. मुलीसाठी स्थळ, मुलाची पलटण, कोर्टाची तारीख, पत्राची वाट. माझ्या पणजीला हे पत्ते दिले असते तर एकाचाही अर्थ विचारावा लागला नसता.

मधुमालती

डॅन्यूबकाठी, पणजीचं वाचून अंगावर काटा आला. किपर मी फक्त काचेआड पाहिलेत. सासूबाईंना विचारून कुठला पत्ता कुठल्या दिशेला पाहतो ते लिहून ठेवाल का? नव्या छपाईत काही चित्रं आरशात पाहिल्यासारखी उलटी झालेली असतात, आणि मग हे बघणंच बदलतं.

डॅन्यूबकाठी

या रविवारी बसते त्यांच्याजवळ वही घेऊन.

रानजाई

मधुमालती, एक राहिलंच. पत्ता कुठला हरवलाय ते तू सांगितलंच नाहीस. आणि पस्तिसांवर आजींनी मांडणी कशी केली?

मधुमालती

२७ वा. पत्र.

मी आजींना म्हटलं, की अपुरा आहे, छापील नकलेतला एखादा पत्ता कापून घालू का? त्यांनी मान हलवली, उठल्या, कपाटातून स्काट या जर्मन खेळाचा नेहमीचा कॅट काढला, आणि त्यातून इस्पिक सत्ती ओढून माझ्या पत्त्यांत सरकवली. पत्राच्या पत्त्यावर वर छापलेलं असतं ते हेच पान. त्यांच्या आईच्या मावशीकडे चित्रांचा कॅट पुढे कधीतरी आला; त्याआधी ती नुसत्या खेळाच्या पानांवरच वाचायची, आणि आजींना आजही चित्राआधी पान दिसतं. इतके महिने मी त्या छोट्या पानांना नक्षी समजत होते.

आता माझ्या कॅटमध्ये ती सत्ती कायमची आहे. बाकीच्यांपेक्षा चिमूटभर मोठी आणि गुळगुळीत, त्यामुळे पिसताना पत्र कुठे आहे ते बोटांना आधीच कळतं. आजी म्हणाल्या, "मग तू पिसू नकोस, मी पिसते. माझ्या बोटांना आता काही कळत नाही."